आधी नोंद, मग हात : दुर्गम गडावरील वारसा-जतन प्रशिक्षणाची तयारी

दिवाळीची सुट्टी संपत आली की ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यातील वास्तुकला, स्थापत्य अभियांत्रिकी आणि इतिहास या विषयांच्या विद्यार्थ्यांचे मला फोन येऊ लागतात, आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते : "मॅडम, गडावर काम करायचं आहे." या वाक्यातील 'काम' म्हणजे काय, याविषयी त्यांच्या आणि माझ्या कल्पनेत बरेच अंतर असते. ढासळलेला बुरूज उभा करणे, टाक्यातला गाळ उपसणे, कमानीतून निखळलेला दगड पुन्हा बसवणे अशी चित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. प्रत्यक्षात आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणातील निदान सहा आठवडे टेप, ओळंबा (उभी रेषा तपासण्यासाठी दोरीला टांगलेले वजन), कॅमेरा आणि नोंदवही यांच्या संगतीत जातात. एखादा दगड कुठे, कसा आणि किती कललेला होता हे लिहून ठेवले नसेल, तर त्याला हात लावण्याचा अधिकार शिकाऊ उमेदवारालाच काय, मुख्य अभियंत्यालाही नसतो. हा लेख मुख्यतः त्या सहा आठवड्यांविषयी आहे. उरलेल्या दोन आठवड्यांत चुन्याचे काम शिकायला मिळाले, तर ते नशीब समजावे.

गड कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी शोधा

अर्ज लिहिण्यापूर्वीची ही पहिली पायरी आहे आणि निम्मे विद्यार्थी इथेच चुकतात. महाराष्ट्रातील काही किल्ले केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत, तर काही राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. पुष्कळ गड या दोन्ही याद्यांमध्ये नाहीत आणि वन विभागाच्या, महसूल विभागाच्या किंवा खासगी जमिनीवर उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचेच उदाहरण घ्या. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे आठ केंद्राच्या संरक्षणात आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार राज्याकडे आहेत. एकाच यादीतील किल्ल्यांसाठीही अर्ज दोन वेगवेगळ्या दारांशी न्यावा लागतो. केंद्राच्या विभागाचे मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्याच्या परिसरात आहे आणि राज्य संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्याच्या वास्तूत आहे. ठाण्याहून ही दोन्ही कार्यालये अर्ध्या दिवसात होतात, त्यामुळे ईमेलच्या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा एकदा स्वतः जाऊन यावे.

ज्या गडांना कोणत्याही पुरातत्त्व खात्याचे संरक्षण नाही, तिथे काहीही करायला मोकळीक आहे असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. शहापूर तालुक्यातील माहुलीचा विचार करा. आसनगाव स्थानकावर उतरून पायथ्याचे गाव गाठले की वर जाणारी वाट जंगलातूनच चढते, आणि त्या जंगलात मुक्काम करायचा, झाड तोडायचे किंवा दगड हलवायचा म्हटले तर वन विभागाची लेखी परवानगी लागते. संरक्षित स्मारकांच्या बाबतीत १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू चांगला होता, हे कारण तिथे उपयोगी पडत नाही.

बहुतेक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संधी मिळते ती सरकारी खात्याकडून थेट नव्हे, तर त्या खात्याचे काम घेतलेल्या संवर्धन वास्तुविशारदाच्या कार्यालयातून किंवा एखाद्या संस्थेमार्फत. अशा वेळी चार गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. कामाला लेखी मंजुरी आहे का आणि तिची प्रत पाहायला मिळेल का? गडावर रोज हजर राहणारा जबाबदार तंत्रज्ञ कोण? राहण्या-जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, मानधन किती? आणि अपघात विमा आहे का? शेवटचा प्रश्न विचारताना मुले लाजतात. लाजू नये. ज्या कार्यालयाला या प्रश्नाचा राग येतो, तिथे कड्याच्या टोकाशी टेप धरून उभे राहण्याची वेळ तुमच्यावर येऊ देऊ नका.

अर्जासोबत काय जोडावे, याविषयी माझे मत जरा वेगळे आहे. शंभर किल्ले पाहिल्याची यादी मला प्रभावित करत नाही. ट्रेकची छायाचित्रे तर नकोतच. स्वतःच्या हाताने मोजून काढलेला एक नकाशा जोडा. नौपाड्यातल्या जुन्या घराच्या जिन्याचा असेल, गावच्या विहिरीचा असेल, नाहीतर आजीच्या देवघराचाही चालेल. कागदावरच्या मोजमापांची मांडणी पाहिली की उमेदवाराला शिकवावे किती लागेल, हे पाच मिनिटांत समजते.

घराजवळचा सराव

गडावर जाण्यापूर्वी निदान चार रविवार सरावासाठी राखून ठेवावेत. ठाण्यात राहणाऱ्यांसाठी घोडबंदरचा किल्ला हाताशी आहे. हा पोर्तुगिजांनी बांधलेला आणि १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला किल्ला राज्य संरक्षित असून तिथे पूर्वीच्या दुरुस्त्या, नवे बांधकाम आणि मूळ चिरेबंदी शेजारी शेजारी पाहता येते. जुने आणि नवे यांतला फरक डोळ्यांनी ओळखण्याचा सराव तिथे उत्तम होतो. नवी मुंबईकरांना बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष जवळ आहेत आणि बुरुजाचा गाभा उघडा पडला की आतली भर कशी दिसते, हे तिथे समजते. दगडी बांधणीतील सूक्ष्म झीज पाहायची असेल तर अंबरनाथचे शिवमंदिर गाठावे. शिलाहारकालीन शिलालेखानुसार ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. अशा ठिकाणी फक्त पाहावे आणि हाताने रेखाटन करावे, कारण ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. (ठाण्याचा मूळ किल्ला मात्र पाहता येणार नाही. तो आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातील कैदेतून निसटले होते. मोजमापाच्या सरावासाठी आत जाण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो टाळावा.)

सरावात तीन गोष्टी हाताला बसल्या पाहिजेत. पहिली म्हणजे सलग मोजमाप. भिंतीच्या एका टोकाला टेपचे शून्य धरून दाराची कड, चौकटीची कड, कोनाड्याची कड असे सगळे आकडे त्याच शून्यापासून वाचत जावे. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून बेरीज केली तर प्रत्येक वेळची अर्ध्या सेंटिमीटरची चूक साठत जाते आणि वीस मीटरच्या तटात ती चांगली वीतभर होते. दुसरी गोष्ट म्हणजे कर्ण. जुन्या बांधकामातला कोपरा काटकोनात आहे असे कधीही गृहीत धरू नये. चारही बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजले तरच खोलीचा खरा आकार कागदावर उतरतो. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याची पारदर्शक नळी, जिला गवंडी लेव्हल पाइप म्हणतात. दोन टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते या एवढ्याच तत्त्वावर शंभर फूट लांबीच्या चढउतारांची नोंद काही रुपयांच्या नळीने बिनचूक घेता येते. सोसायटीच्या गच्चीवर एकदा करून पाहा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, हा धडा गच्चीवर मिळालेला बरा.

सामानाविषयी फार लिहीत नाही. घोट्याला आधार देणारे, आधी वापरून मऊ झालेले बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, बॅटरी, पॉवर बँक, ३० मीटरची फायबरची आणि ५ मीटरची पोलादी टेप, ओळंबा, सुतळी, खडू, एचबी पेन्सिली आणि पक्क्या पुठ्ठ्याच्या बांधणीच्या दोन वह्या. शाईचे पेन नेऊ नका, घामाने आणि धुक्याने पान वाहून जाते. अत्तर, सुगंधी तेल, डिओडरंट घरी ठेवा. कारण पुढे येईल.

पहिला आठवडा : पाणी कुठून वाहते?

गडावर पोहोचल्यावर लगेच टेप काढू नये. पहिले तीन दिवस नुसते फिरावे आणि एकच प्रश्न विचारत राहावे : पावसाचे पाणी कुठून येत होते, कुठे साठत होते आणि कुठून बाहेर पडत होते? ज्यांनी गड बांधले त्यांनी पाण्याचा विचार सर्वांत आधी केला होता. उतारावरचे पाणी टाक्यांकडे वळवणारे चर, एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात उतरणारी पन्हळ, तटातून बाहेर डोकावणारी मोरी हे सगळे एका साखळीचे दुवे आहेत. त्यांतला एखादा दुवा माती-गवताने बुजला की पाणी नवी वाट शोधते, आणि ती वाट बहुधा तटाच्या गाभ्यातून जाते. पडलेल्या तटाचे कारण पडलेल्या जागी सापडत नाही. ते वर कुठेतरी, बुजलेल्या चरात असते.

याच आठवड्यात शब्द पक्के करावेत. तटाच्या आतल्या बाजूने चालण्याची जी वाट असते ती फांजी, बंदुकीच्या मारगिरीसाठी ठेवलेली भोके म्हणजे जंग्या, तटाच्या माथ्यावरचे पाकळ्यांसारखे दगड म्हणजे चर्या, दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांसाठीची जागा म्हणजे देवडी, आणि पडलेल्या घरांचे उरलेले चौथरे म्हणजे जोती. अहवालात 'एक छिद्र' असे लिहिले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'फांजीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर, खाली उतरती जंगी' असे लिहिले तर त्या जागेचा उपयोगही कळतो.

पायथ्याच्या गावातील माणसांशी ओळख करून घेणे हाही कामाचाच भाग आहे. ज्यांच्या घरी जेवण आहे त्या मावशींना, गुरे घेऊन वर येणाऱ्या मामांना टाक्यांची, वाटांची, बुरुजांची नावे विचारावीत आणि ती जशी उच्चारली जातात तशी लिहावीत. छापील पुस्तकातील नाव वेगळे असले तर दोन्ही नोंदवावीत. कोणते बरोबर, हा निवाडा करण्याची घाई शिकाऊ माणसाने करू नये.

नोंद कशी घ्यावी

कामाला सुरुवात करताना गडाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाला क्रमांक द्यावा. दरवाजा १, त्याच्या डावीकडचा बुरूज २, दोघांमधला तट १-२ असा. हे क्रमांक दगडावर लिहायचे नाहीत, अगदी खडूनेही नाही. छायाचित्र काढताना हातात पाटी धरायची. तिच्यावर क्रमांक, तारीख, दिशा आणि बाजूला मोजपट्टी.

हे मी इतके ठासून का सांगते, त्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे. शिकाऊ असताना एका गडाच्या तटाची मी दीड दिवसात चारशेच्या वर छायाचित्रे घेतली होती आणि पाटी धरण्याचा कंटाळा केला होता. ठाण्याला परत येऊन पडद्यावर पाहिले तर काळा दगड, गवत, पुन्हा काळा दगड. कोणते चित्र कोणत्या तुकड्याचे, हे मला सांगता येईना. पावसाळा संपल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा त्या तटाचा सात-आठ मीटरचा एक भाग दरीत गेलेला होता. तो भाग त्या चारशे चित्रांत नक्की आहे. कुठला, हे आजही सांगता येत नाही.

छायाचित्रांवरून संगणकात त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची असेल, तर लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये ६० ते ८० टक्के भाग समान यायला हवा, उजेड सपाट हवा, म्हणजे सकाळची वेळ किंवा ढगाळ दिवस, आणि मध्ये कोणी हलता माणूस नको. ड्रोनचा विचार परवानगी हातात असल्याशिवाय करू नये. मोबाइलमधील स्थाननिश्चिती काही मीटरने चुकू शकते. टाके गडाच्या कोणत्या अंगाला आहे हे सांगायला ती पुरते, भिंतीची जाडी सांगायला नाही.

नकाशा साधारणपणे १:५० या प्रमाणात काढतात. या प्रमाणात पेन्सिलीच्या बारीक रेघेची जाडी प्रत्यक्षातल्या सुमारे एका सेंटिमीटरएवढी होते, म्हणून मोजमाप सेंटिमीटरपर्यंत घेतले तर पुरेसे असते. मिलिमीटरच्या मागे लागणारा उमेदवार दमतो आणि संध्याकाळी चुका करतो. भेगांची गोष्ट वेगळी. तिथे मिलिमीटरच लागतात.

आता तटाच्या फुगवट्याकडे वळू, कारण गडावरील सर्वांत महत्त्वाची नोंद तीच असते. गडाचा तट म्हणजे बाहेरून आणि आतून घडीव किंवा अर्धघडीव दगडांच्या दोन भिंती आणि मध्ये दगड-मातीची वा चुन्याची भर. या भरीत पाणी मुरले की ती फुगते, बाहेरच्या भिंतीला ढकलते आणि तटाला 'पोट सुटते'. डोळ्यांना ते दिसते, पण किती, हे ओळंब्याशिवाय कळत नाही. फांजीवर एक लाकडी पट्टी बाहेर काढून ठेवावी, तिच्या टोकाला ओळंबा सोडावा आणि खाली उभ्या असलेल्या सोबत्याने दर २५ सेंटिमीटर उंचीवर दोरीपासून दगडापर्यंतचे अंतर वाचावे. गडावर वारा कधी थांबत नाही, ओळंबा सारखा झुलत राहतो, म्हणून त्याचे वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडते ठेवावे. मिनिटभरात दोरी स्थिर होते.

आकडे वाचताना एक खुबी लक्षात ठेवावी. गडाचे तट मुळातच आतल्या अंगाला कललेले असतात, खाली रुंद आणि वर अरुंद, त्यामुळे दोरी आणि भिंत यांतले अंतर खाली येताना कमी होत जाणे स्वाभाविक आहे. समजा, चार मीटर उंचीच्या तटात माथ्याशी ३० सेंटिमीटर आणि पायाशी १२ सेंटिमीटर अंतर मिळाले, तर मध्यावर २१ सेंटिमीटर अपेक्षित आहे. तिथे प्रत्यक्षात ११ आले, तर तटाचे पोट १० सेंटिमीटरने सुटले आहे. हाच आकडा पुढच्या वर्षी त्याच जागी १३ झाला, तर तो तट हलतो आहे आणि तिथे आधाराचे काम तातडीने घ्यावे लागेल. एकदाच घेतलेले मोजमाप दुखणे दाखवते, पण ते वाढते आहे की थांबले आहे, हे दुसरे मोजमाप सांगते, म्हणून पट्टी नेमकी कोणत्या दगडावर ठेवली होती ते छायाचित्रासह लिहून ठेवावे.

भेगेच्या बाबतीत जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे काचपट्टी. तंत्रज्ञाच्या संमतीने भेगेवर आडवी पातळ काच दोन्ही टोकांना चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. काच तडकली, तर भेग जिवंत आहे. याशिवाय निखळलेले दगड, सांध्यांतला गेलेला चुना, झिरपलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ, झाडेझुडपे आणि कोरलेली नावे यांच्यासाठी प्रत्येकी एक खूण ठरवून ती भिंतीच्या उभ्या नकाशावर भरत जावी. कारण आणि लक्षण एकाच रकान्यात लिहू नये. 'भेग, वर २२ मिमी, खाली ४ मिमी' ही नोंद झाली. 'पाया खचल्यामुळे भेग' हा निष्कर्ष झाला, आणि तो कदाचित चुकीचाही असेल.

पिंपळ आणि सिमेंट

तटात उगवलेला पिंपळ, वड किंवा उंबर दिसला की तो ओढून काढण्याची इच्छा प्रत्येकाला होते. मूळ दगडांच्या मागे हातभर शिरलेले असते आणि ते ओढले की दोन-चार दगड त्याच्यासोबत येतात. बुंधा कापून, मूळ जागच्या जागी मारण्याची उपाययोजना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी लागते आणि पोकळी लगेच भरावी लागते. शिकाऊ उमेदवाराचे काम म्हणजे झाडाची जात, बुंध्याचा घेर आणि सांध्याची रुंदी लिहिणे. गवताची पाती कापायला हरकत नसते, मात्र उतारावरच्या गवताची मुळे उपटू नयेत, माती त्यांनीच धरून ठेवलेली असते.

सिमेंटविषयी बोलताना माझा आवाज चढतो, तरी शक्य तितके शांतपणे लिहिते. एका गडावर उत्साही मंडळींनी लोकवर्गणीतून सिमेंटच्या गोणी खांद्यावरून वर नेल्या आणि बुरुजाचे सांधे बाहेरून घट्ट भरून टाकले. कष्ट खरे होते. आपला काळा बेसॉल्ट कठीण असतो, सिमेंटने तो लगेच झिजत नाही, म्हणून पहिली दोन वर्षे काम छान दिसले. पण वरून मुरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडत असे, त्याची वाट बंद झाली होती. ते आतल्या भरीतच कोंडले आणि बुरुजाला पोट सुटले. तुमच्या गडावर असे जुने सिमेंट दिसले तर ते फोडायला जाऊ नका. ते कुठे कुठे आहे, याची नोंद करा.

चुना

चुन्याचे काम सुरू असलेल्या गडावर तुमची नेमणूक झाली असेल, तर शक्य तितका वेळ गवंड्यांजवळ काढावा. पुष्कळ गडांवर दगडात कोरलेला गोल चर आणि त्यात पडलेले दगडी चाक दिसते. तो चुन्याचा घाणा. बैल जुंपून त्या चाकाखाली चुना, वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मळली जात असे. आज तेच काम बहुधा यंत्रावर होते, पण क्रम तोच आहे.

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडले की तो खदखदून उकळतो, म्हणून विरवताना नेहमी भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा, चुन्यावर थोडेसे पाणी ओतू नये, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय पिंपाजवळ वाकू नये. डोळ्यात उडालाच तर न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवत राहावे आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. विरलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवतात. आठवडे जातील तसा तो लोण्यासारखा मऊ होतो. पाण्याचा थर वर असेपर्यंत त्याला हवा लागत नाही आणि तो घट्ट होत नाही.

एका भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू असे प्रमाण सामान्यतः असते, मात्र गडावरचे प्रमाण जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरवतात. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडीद, मेथी यांचे पाणी घालण्याची परंपरा आहे. कोणत्या गडावर यांपैकी काय वापरले होते, हे प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही, आणि 'शिसे ओतून बांधलेला तट' ही प्रत्येक गडावर ऐकू येणारी गोष्ट तर पुराव्याशिवाय अहवालात मुळीच घालू नये.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते गवंडी काका मळलेला चुना थापीवर घेत आणि थापी सरळ उलटी करत. चुना खाली पडला, तर म्हणत, "अजून मळा, ताई, याला जीव आलेला नाही." धरून राहिला, तरच तो कामावर जाई. भरलेला सांधा नंतर ओल्या गोणपाटाने झाकून दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडत राहावे लागते, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो आणि उन्हात घाईने वाळला तर त्याची नुसती भुकटी उरते. गडावर हे पाणी डोक्यावरून आणावे लागते. एका दिवशी किती सांधे भरायचे, हे चुन्यावरून नव्हे तर हंड्यांवरून ठरते, आणि कामाच्या वेळापत्रकात ही गोष्ट विसरणारे अभियंते मी पाहिले आहेत.

सापडलेली वस्तू, साप आणि मधमाश्या

उकरणे निषिद्ध आहे, तरीही पावसाने उघडे पडलेले नाणे, तोफगोळ्याचा तुकडा, खापर समोर येतेच. उचलू नये. जागच्या जागी मोजपट्टीसह छायाचित्र, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर, आणि त्याच दिवशी वरिष्ठांना कळवणे, एवढेच करावे. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या ऐवजाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे, आणि तो अजून लागू आहे.

फुरसे आणि घोणस दोन्ही सह्याद्रीत आहेत आणि दोघांनाही दगडांच्या फटी आवडतात. दिसत नाही तिथे हात घालू नये. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ न घालवता तो अवयव स्थिर ठेवून ग्रामीण रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका पायथ्याशी कुठवर येऊ शकते आणि मोबाइलला रेंज कोणत्या बुरुजावर मिळते, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. कड्यांवर आणि दरवाजांच्या कमानींत आग्या मोहोळे असतात. उग्र वास आणि धूर त्यांना चिथावतो. अत्तर घरी ठेवा म्हटले, ते यासाठी.

अहवाल

रोजची नोंद रोज संध्याकाळी साफ प्रतीत उतरवावी. ठाण्याला परत जाऊन लिहू म्हटले, तर आसनगावच्या फलाटावर लोकल येईपर्यंतच अर्धे विसरायला होते. अंतिम अहवालात गडाचा इतिहास दोन पानांहून अधिक नको. तो इतरत्र उपलब्ध असतो. तुमची मोजमापे इतरत्र कुठेही नसतात. तुकड्यांच्या क्रमांकांनुसार नकाशे, अवस्थेच्या नोंदी, छायाचित्रांची सूची, ओळंब्याचे तक्ते आणि स्थानिक नावांची यादी असा क्रम ठेवावा. जे मोजता आले नाही त्याची जागा कोरी ठेवून कारण लिहावे : 'उत्तर बाजू, कडा तुटलेला, पोहोचणे शक्य झाले नाही.' अंदाजाने ओढलेली रेघ पुढच्या माणसाला मोजलेल्या रेघेसारखीच दिसते.

अहवालाच्या तीन प्रती काढाव्यात. एक परवानगी देणाऱ्या कार्यालयाला, एक स्वतःच्या महाविद्यालयाला आणि तिसरी पायथ्याच्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला. तिसरी प्रत पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन द्यावी. माझ्याकडच्या दोघी विद्यार्थिनी अशी प्रत घेऊन गेल्या, तेव्हा जेवण देणाऱ्या मावशींच्या सासूबाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितले की ज्याला तुम्ही हत्ती टाके लिहिले आहे ते हत्ती टाके नव्हे, हत्ती टाके त्याच्या खालचे, गाळाने भरलेले. मुलींनी तिथेच पेन्सिलीने दुरुस्ती केली, तारीख घातली आणि उरलेल्या दोन प्रतींसाठी बदललेले पान पुढच्या आठवड्यात पाठवून दिले.